भिंतीवरची पाठ

मामंजी गेल्याचं मला सांगलीत कळलं. शाळेत मुलींचा चित्रकलेचा तास चालू होता आणि दारात धाकटे दीर उभे दिसले. उंब्रजहून ते कधी शाळेपर्यंत येत नसत. त्यांनी दाराशी वहाणा काढल्या, तेव्हाच मी हातातला खडू खाली ठेवला. सासरे पहाटे झोपेतच गेले, एवढंच ते म्हणाले...

लढाईत माझे यजमान ब्रह्मदेशात पडले, तेव्हा आमचं लग्न होऊन फार काळ लोटला नव्हता. देह यायचा नव्हता, म्हणून दर्भाचा पुतळा करून कृष्णाकाठी त्याला अग्नी दिला. सासूबाई ऊर फुटेस्तोवर रडल्या. मामंजी पुतळा जळताना नुसते बघत राहिले, घरी आले आणि बोलायचेच थांबले. ऊस तोडायला आला तरी मळ्याकडे फिरकेनात. घराच्या पुढच्या सोप्यात भिंतीकडे तोंड करून पडून राहत. म्हातारा पोरामागं निघाला, असं गाव म्हणू लागलं.

घरात ह्यांचा एकही फोटो नव्हता. चेहरा विसरेन या भीतीनं मी चुलीतला कोळसा घेऊन सोप्याच्या भिंतीवर तो काढू लागले. लग्नाआधी मी चित्रकलेच्या परीक्षा दिल्या होत्या, पण हात साथ देईना. नाक जमलं की डोळे परके वाटत. एका दुपारी पाठीमागून मामंजींचा आवाज आला, कित्येक महिन्यांनी.

"हनुवटी अशी न्हवती त्येची."

मी कोळसा त्यांच्या हातात दिला. चेहरा त्यांनी काढलाच नाही. खाली, अंथरुणालगत, एक वेडीवाकडी पाठ काढली; रुंद खांदे, वर मुंडासं. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाठच. मी काही विचारत नव्हते, फक्त उशाशी कोळसा ठेवत होते. मग एकदा त्या पाठीवर त्यांनी एक पंजा काढला.

"मामंजी, हा हात कुणाचा?"

"माजा. शंकर जायाला तयार न्हवता पोरी. पलटणीत गेला तर घराचं नाव हुईल म्हनून मीच लोटला त्येला. जाताना त्येनं मागं वळून बगितलं न्हाई..."

आणि मग ते रडले. सासूबाई चुलीपासून उठून आल्या, त्यांच्याशेजारी बसल्या. दोघांना एकत्र रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

दुःख त्यानं सरलं नाही. स्वतःला त्यांनी कधीच माफ केलं नाही. पण ते जेवू लागले, मळ्यात जाऊ लागले. गावातला आणखी एक म्हातारा, त्याचाही मुलगा परतला नव्हता, दुपारी येऊन बसायचा. मामंजी मुकाट्यानं त्याच्याही हातात कोळसा द्यायचे. पुढे सांगलीच्या शाळेत मला नोकरी मिळत होती आणि भाऊबंद मला जाऊ देत नव्हते, तेव्हा मामंजींनी मला बोलावलं. म्हणाले, "जातीस का? ह्या खेपंला मी लोटत न्हाई, इचारतोय."

दिवसकार्य उरकल्यावर सासूबाईंनी सोप्याच्या भिंती पांढऱ्या मातीनं पोतारायला घेतल्या. पोतेरं फिरवत त्या अंथरुणाच्या जागेपाशी आल्या. तिथली पाठ आता ओळखूही येत नाही. मामंजी झोपताना तिच्यावर तळवा टेकवत, त्यानं पुसून नुसता काळा डाग उरलाय. सासूबाई थांबल्या. डाग तेवढा सोडून कडेकडेनं त्यांनी पोतेरं फिरवलं आणि पुढची भिंत पोतारायला लागल्या.