रा. तांबट आळी

नाशिकमधल्या मेलेल्या माणसांची नळवाल्या मामांइतकी काळजी करणारा दुसरा जिवंत माणूस मी पाहिलेला नाही. मी एका दैनिकात निधनवार्ता पाहतो. आठवड्यातून एकदा तरी मामा अंकाची घडी काखेत मारून कार्यालयात येत आणि माझ्या टेबलावर बोट आपटत. तक्रार नेहमी पत्त्याची. ‘रा. नाशिक असं छापलंत. नाशकात काय एकच घर आहे का, साहेब? चक्कीच्या वरच्या काकू म्हणा, म्हणजे आळीला कळेल कोण गेलं.’ चक्की हा पत्ता होत नाही, असे मी सांगे. ‘पोस्टमनला विचारा,’ मामा म्हणत आणि माझाच चहा उचलत.

नाव त्यांना तांबट आळीने दिले होते. तिथे सकाळी सातला पाऊण तास नळाला पाणी येते. पाणी आले की मामा विजेच्या लोखंडी खांबावर दगडाने ठणठण ठोकत आणि घरागणिक हाका देत. ‘पाणी आलं! ए सुमन, नवऱ्याशी नंतर भांड, आधी हंडा लाव!’ आळीत कोण कोणाशी भांडले, हे आमच्या बातमीदारांच्या आधी त्यांना ठाऊक असे.

मग मुलाने आळीतले घर विकले आणि पाथर्डी फाट्याला सातव्या मजल्यावर फ्लॅट घेतला. तिथे पाणी चोवीस तास. पहिल्याच सकाळी मामांनी जिन्याचा कठडा ठोकला. सोसायटीने लेखी समज दिली. त्यानंतर ते रोज सिटी बसने आळीत येऊ लागले, खांब ठोकायला.

‘तिकडं करमत नाही?’ मी एकदा विचारले.

‘वॉचमन रोज विचारतो, बाबा, कोणाकडे जायचंय? मी म्हणतो, मलाही तेच कळत नाही.’ स्वतःच हसले. मग म्हणाले, ‘माझी छापाल तेव्हा आळी टाका. फ्लॅट टाकलात तर पोचवायला कोण येईल?’

मी हो म्हणालो.

यंदाच्या थंडीत ते दिसेनासे झाले. मी आळीत गेलो. सुमनताई खांबाजवळच उभ्या होत्या. ‘मामा कुठं हायेत, साहेब? आठ दिवस झाले, निम्म्या आळीचं पाणी हुकतंय.’ मामांचा फोन नंबर कोणाकडेच नव्हता. रोज येणाऱ्या माणसाचा नंबर कोण घेतो?

पाथर्डी फाट्याला वॉचमनने नाव विचारले. मला ते सांगता येईना. ‘कठडा ठोकणारे,’ म्हटल्यावर त्याला कळले. ‘ते बाबा? ते तर वारले.’

सातव्या मजल्यावर दारावरची पाटी वाचली आणि मी तिथेच थांबलो. ते नाव मीच आठवड्यापूर्वी छापले होते. आडनावातला उकार ऱ्हस्व की दीर्घ, हे मुलाला फोन करून विचारूनही घेतले होते. वय बरोबर होते. फ्लॅट क्रमांक बरोबर होता.

‘अमरधामला सहा जण होतो,’ मुलगा म्हणाला.

संध्याकाळी मी ‘दुरुस्ती’ लिहिली. संपादकांनी दोन्ही मजकूर शेजारी ठेवून पाहिले. ‘मूळ बातमीत चूक काय आहे?’

‘पत्ता.’

छापून आले : नळवाले मामा, रा. तांबट आळी. खाली दशक्रियेची वेळ आणि जागा.

दहाव्या दिवशी सकाळी गोदाघाटावर गर्दी इतकी झाली की मुलगा एकेकाला विचारत होता, आपण कोण? मी घड्याळ पाहिले. सात वाजून गेले होते.

‘सुमनताई, पाणी आलं असेल.’

‘येऊ द्या,’ त्या म्हणाल्या. ‘आज आळीत भरायला कोणीच नाही.’