फौजीणकाकू आणि गंजलेल्या गाड्या

फौजीणकाकू जुनी मोटरसायकल बघायला गेल्या की आधी टाकीचं झाकण उघडायच्या आणि नाक आत घालून, डोळे मिटून वास घ्यायच्या. लोणचं मुरलंय की नाही ते बरणी उघडून बघावं, तसा. मालक शेजारी उभा राहून गाडीची तारीफ करत असायचा. काकूंचं तिकडे लक्षच नसायचं. झाकण लावून त्या मला मराठीत सांगायच्या, म्हणजे मालकाला कळायला नको. "सडलेल्या पेट्रोलचा वास येतोय. बरं हाय. इंजिन निघंल सुखरूप." मातकट, ओलसर वास आला तर मान हलवायच्या. "पाणी गेलंय गं आत. टाकीची चाळण झाली असंल." असं म्हणायच्या आणि बहुतेक वेळा तीही गाडी टेम्पोत घालून घरी आणायच्या.

घर म्हणजे जयपूरच्या विद्याधर नगरातलं. मी अकोल्याची. सॉफ्टवेअरची नोकरी लागली म्हणून जयपूरला आले आणि तिथल्या मराठी मंडळात कुणीतरी सांगितलं, की एका फौजी कुटुंबाची वरची खोली रिकामी आहे. काकूंच्या नवऱ्याचं, सुभेदारांचं, शेवटचं पोस्टिंग जयपूरचं होतं, रिटायर झाल्यावर ते इथेच राहिले. गल्लीतले लोक काकूंना 'फौजी आंटी' म्हणायचे. मराठी घरांतून त्याचं 'फौजीणकाकू' झालं. पहिल्या दिवशी बॅग घेऊन फाटक उघडलं तर अंगणात नुसते गाड्यांचे सांगाडे. कुणाला चाक नाही, कुणाला हँडल नाही. पत्ता चुकून भंगारवाल्याकडे आले की काय, असं वाटलं. तेवढ्यात एका इंजिनामागून साडीचा पदर कमरेला खोचलेल्या, कोपरापर्यंत काळ्या हातांच्या बाई उठल्या. "आलीस व्हय? चहा ठेवते. तवर हा नट धर."

सगळ्या गाड्या जपानी. म्हणजे एके काळी जपानी कंपन्यांशी करार करून आपल्याकडे ज्या हलक्या, शंभर सीसीच्या टू-स्ट्रोक निघाल्या, त्या. कुणाच्या गोठ्यात पडलेल्या, कुणाच्या गच्चीवर, एक तर बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीमागे, जिच्या मागच्या चाकातून बाभळीचं रोप वर आलं होतं. दुसऱ्या कुठल्या गाडीला काकू हात लावायच्या नाहीत. "जपान्यानं डोकं लावून बनवलीय. अंधारात हात घातला तरी बोल्ट सापडतो," हे त्यांचं कारण. खरं कारण मला नंतर कळलं. लग्नानंतर सुभेदारांनी असलीच गाडी घेतली होती आणि तिच्यावर मागे बसून काकूंनी अर्ध्या देशातल्या छावण्या बघितल्या होत्या. सुभेदार सीमेवर गेले की गाडी क्वार्टरच्या मागे उभी राहायची. ती बंद पडू नये म्हणून काकूंनी पहिल्यांदा पाना हातात घेतला. माहेर तासगावकडचं, वडील विहिरींवरच्या जळालेल्या मोटारी नव्याने तार गुंडाळून भरून द्यायचे. त्यामुळे तेला-ग्रीसची त्यांना शिसारी नव्हती.

पेन्शनला हात लावायचा नाही, हा त्यांचा नियम. एक गाडी विकली जायची तेव्हाच दुसरीचं सामान यायचं. त्यामुळे नवीन पार्ट घेणं म्हणजे त्यांना हार वाटायची. इंजिनाच्या सांध्यात बसणारी गॅस्केट त्या स्वतः कापायच्या, शीट इंजिनावर ठेवून छोट्या हातोडीने कडेकडेने ठोकत. कार्ब्युरेटरमधलं बारीक भोक मोकळं करायला मी एकदा स्टोव्हची पिन काढून दिली, तर हातावर चापट बसली. "पिन घातलीस की भोक मोठं हुतंय. मग बसा पेट्रोल पाजत जन्मभर." त्यांनी दात घासायच्या ब्रशचा एक केस उपटला आणि तो आत फिरवला.

टाकीचा गंज काढायला त्या उसाची मळी वापरायच्या. साखर कारखान्यांच्या मुलखातल्या असल्यामुळे मळीवर त्यांची श्रद्धा. इथे गुरांच्या खाद्याच्या दुकानात ती मिळायची. पाण्यात कालवून टाकीत भरायची आणि पंधरवडाभर ऊन दाखवायचं. उन्हाळ्यात ती अशी काही आंबायची, की सगळ्या गल्लीला वास. शेजारचे भैया एकदा भिंतीवरून डोकावून हळूच म्हणाले, "आंटीजी, बुरा मत मानना, घर में शराब बन रही है क्या?" काकू म्हणाल्या, "ना भैया, टंकी को दवा पिला रही हूँ. आपको चाहिए?" त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

चारदीवारीत, म्हणजे तटाच्या आतल्या जुन्या जयपुरात, काकूंचे खास लोक होते. जोहरी बाजारामागच्या एका बोळात चांदीच्या भांड्यांना पॉलिश करणारा एक म्हातारा कारीगर होता. काकू पहिल्यांदा इंजिनाची कव्हरं घेऊन गेल्या तेव्हा तो दुखावला. "भाभीजी, ये तो एल्युमिनियम है." काकू म्हणाल्या, "तो क्या हुआ? उसका भी चमकने का मन करता है." तो हसला, आणि तेव्हापासून त्याच्या चाकावर पैंजणांच्या मध्ये आमची कव्हरं फिरू लागली. सीटचं कव्हर शिवायला काकू मोजड्या बनवणाऱ्याकडे जायच्या. त्याची शिवण पोत्यासारखी भक्कम. एकदा त्याने न सांगताच सीटच्या मागच्या टोकाला लाल दोऱ्याचं फूल काढून दिलं. काकूंनी कपाळाला हात लावला. पण वैशाली नगरातला जो तरुण ती गाडी घ्यायला आला, त्याने आधी त्या फुलावरूनच हात फिरवला.

रविवारी मी खाली उतरायचे. सुरुवातीला नुसता गंज घासायला, मग हळूहळू सगळंच. माझ्यासाठी म्हणून काकूंनी एक गाडी वेगळी काढून ठेवली होती. वर्षभर ती मी त्यांच्या हाताखाली जुळवली आणि तिच्यावरच चालवायला शिकले. गंजाचा कंटाळा आला की मी म्हणायचे, "काकू, ही मेली आहे हो." त्यांचं उत्तर ठरलेलं. "मेली न्हाई. रुसलीय."

सुभेदारांबद्दलही त्या तेच म्हणायच्या.

मी राहायला यायच्या आधीच सुभेदारांना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. उजवा हात आणि पाय कमजोर झालेले, बोलणं जड. काठी घेऊन ते घरातल्या घरात चालायचे, पण फाटकाबाहेर जात नसत. ऑटो नको, शेजाऱ्यांची कार नको. कुणी आधार द्यायला पुढे झालं की डोळे वटारायचे. दिवसभर व्हरांड्यातल्या खुर्चीत बसून डाव्या हाताने एकेक स्पोक घासायचे. स्पोक आरशासारखे व्हायचे, पण ते मान वर करून गाडीकडे बघायचे नाहीत. इतकी लांबची पोस्टिंगं केलेला माणूस बारा हातांच्या व्हरांड्यात अडकला होता, आणि काकू रोज ते बघत होत्या.

गिरणीमागची ती बाभळीची गाडी काकूंनी फार जपून बनवायला घेतली. मला वाटलं, हिला गिऱ्हाईक मोठं असणार. मग एक दिवस मागच्या बाजूला पाठ टेकायला लोखंडी टेका बसला, त्याला गादी लागली. पाय ठेवायचे मागचे पायटे खाली घेतले गेले. सुभेदार स्पोक घासत होते. त्यांनी एकदा टेक्याकडे बघितलं, एकदा काकूंकडे, आणि सगळं त्यांच्या लक्षात आलं. हातातला स्पोक त्यांनी फरशीवर टाकला.

"मी काय सामान हाय का?" शब्द अडकत होते, पण आवाज चढलेला होता. "बांधून न्यायला?"

काकूंनी तो स्पोक उचलून ठेवला. दुपारी सुभेदार जेवले नाहीत. संध्याकाळी काकूंनी पाना घेतला, टेका सोडवला आणि कोपऱ्यात ठेवून दिला. मला वाटलं, संपलं. त्या रात्री भांडी घासताना काकू पाठमोऱ्या होत्या आणि त्यांचे खांदे हलत होते. मी स्वयंपाकघराच्या दारातूनच परत फिरले.

दुसऱ्या आठवड्यात गाडी सुरू झाली. काकू रोज सकाळी ती अंगणात उभी करून किक मारायच्या, थोडा वेळ चालू ठेवायच्या आणि बंद करायच्या. सुभेदार पेपर वाचायचे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पेपरामागून आवाज आला.

"टायमिंग."

"काय म्हणालात?" काकू.

"टायमिंग मागं गेलंय."

"मला तर बरोबर वाटतंय," असं म्हणून काकूंनी गाडी बंद केली आणि आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. सुभेदारांनी पेपर बाजूला ठेवला होता. ठिणगी उशिरा पडत असल्यामुळे इंजिन दबल्या आवाजात, घशात कफ अडकल्यासारखं वाजत होतं. मलासुद्धा कळत होतं. सुभेदार डाव्या हाताने खुर्चीच्या हातावर ताल धरून चिडून म्हणाले, "अगं, ऐक की! मरंल ती अशानं."

"उभ्या गाडीवर मला न्हाई कळत," काकू म्हणाल्या. "लोड आल्यावर काय करती ते ऐकाय पायजे. मी चालवताना पुढं माझ्या कानात वारं. तुम्ही मागं बसा आणि सांगा, न्हाईतर राहू दे. विकून टाकते तशीच."

सुभेदारांनी काठी उचलली.

व्हरांड्याच्या पायरीला लावून गाडी उभी केली. मी उजवीकडून धरलं. या वेळी त्यांनी डोळे वटारले नाहीत. हेल्मेट घातलं. फौजेतला रुंद कॅनव्हासचा पट्टा दोघांच्या कमरेभोवती काकूंनीच आवळला आणि सुभेदारांनी डावा हात त्यांच्या पोटावर ठेवला. गाडी फाटकातून बाहेर पडली, गल्लीच्या टोकाला वळली आणि दिसेनाशी झाली. मी अंगणात उभी. एक फेरी मारून यायला लागेल त्यापेक्षा खूपच जास्त वेळ गेला. शेजारचे भैयाही येऊन फाटकाशी उभे राहिले. आम्ही दोघं शोधायला निघणार, तोच आवाज आला. गाडी आता मोकळ्या गळ्याने वाजत होती. सुभेदारांच्या शर्टावर कचोरीची चटणी सांडली होती.

"रस्त्यात थांबून केलं बरोबर," काकू म्हणाल्या. "ह्यांनी सांगितलं तसं."

सुभेदार खुर्चीत बसले, पाणी प्यायले. मग कोपऱ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "ते पाठीमागचं परत फिट कर. कंबर दुखती."

त्या दिवशी मी काकूंना हळूच विचारलं, की टायमिंग बिघडलं कसं, तुम्ही तर इतकं बारकाईने लावलं होतं. त्या हात धूत होत्या. "बिघडलं न्हवतं. केसभर हलवलं हुतं," म्हणाल्या आणि गालात हसल्या. हे गुपित माझ्या पोटात राहीना. थोड्या दिवसांनी मी ते सुभेदारांना सांगून टाकलं. ते स्पोक घासत होते. "मला काय कळलं न्हाई व्हय?" ते म्हणाले. "तिनं लावलेलं टायमिंग कधी हलत न्हाई."

त्यानंतर दोघं रोज सकाळी बाहेर पडायचे. कधी आमेरच्या रस्त्याने, कधी नुसतेच भाजी आणायला. फौजी कँटीनमध्ये इतक्या दिवसांनी सुभेदारांना बघून त्यांचे जुने सोबती धावत आले. एकाने चिडवलं, "साब, ड्राइवर बदल लिया?" सुभेदारांनी सावकाश, एकेक शब्द नीट लावून उत्तर दिलं, "प्रमोशन हुआ है. अफसर पीछे बैठता है." काकू हे सांगायच्या तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं, हसून हसून.

ती गाडी विकली गेली नाही, हे सांगायला नकोच.

गेल्या वर्षी त्यांच्या मुलीला सांगलीत बाळ झालं आणि दोघांनी तिकडे जायचं ठरवलं. अंगण हळूहळू रिकामं झालं. शेवटचे सांगाडे काकूंनी ओळखीच्या मेकॅनिकांना देऊन टाकले. प्रत्येकाला गाडीचा स्वभाव सांगून, मुलगी सासरी पाठवावी तसे. निरोपाला चांदीवाला आला, मोजडीवाला आला, आणि शेजारच्या भैयांनी पहाटे उठून वाटेसाठी पुऱ्या करून घेतल्या होत्या.

गाडी रेल्वेच्या पार्सलने जायची होती. सुभेदार टॅक्सीने गेले. काकू ती गाडी स्वतः चालवत स्टेशनवर आल्या आणि त्यांच्यामागे माझ्या गाडीवर मी. पार्सल ऑफिसातला माणूस म्हणाला, टाकीत पेट्रोल असलं तर गाडी चढणार नाही, सगळं काढा. काकूंनी नळी काढली. आदल्या दिवशीच त्यांनी टाकी भरली होती. सवयच ती, प्रवासाला निघताना टाकी भरायची. इकडेतिकडे बघून त्यांनी माझ्या गाडीचं झाकण उघडलं आणि नळीचं दुसरं टोक त्यात सोडलं.

"पेट्रोलात ऑइल बरोबर मिसळलंय," त्या म्हणाल्या. "तू जास्त घालतीस. धूर करतीस नुसता."

पेट्रोल सावकाश उतरत होतं. आम्ही दोघी वाकून उभ्या होतो, टाकीकडे बघत. नळी झटकून त्यांनी गुंडाळली, माझ्या पाठीवर काळ्या हाताची थाप मारली आणि सुभेदार बसले होते त्या बाकाकडे निघून गेल्या.

परत येताना मी सरळ घरी आले नाही. आमेरच्या रस्त्याला लागले, तिथून पुढे गेले, अजून पुढे. टाकी भरलेली होती.