वामन मास्तरांचं तोंड आणि माझी पेन्सिल

“हा पोट्टा कोण हाय, युसूफभाई?”

किसनरावांनी फोटो माझ्या टेबलावर ठेवला. ठेवला कसला, आपटला. किसनराव महागावकडचे, लग्नाच्या मुलीचे वडील; हा फोटो त्यांना स्थळ म्हणून गेला होता. फोटो मीच काढलेला.

“वामन मास्तर,” मी म्हणालो.

“मी आत्ता त्याच वामन मास्तराच्या घरून चहा पिऊन येऊन राह्यलो. ते थोबाड अन् हे थोबाड एक हाय काय?”

साठ-एकसष्टची गोष्ट असेल. पुसदच्या बाजारात माझा स्टुडिओ होता. तेव्हाच्या आमच्या फिल्मला लाल रंग ओळखता येत नसे. लाल म्हणजे तिच्या लेखी काळा. त्यामुळे तोंडावरचा साधा लाल मुरूम फोटोत शाईचा डाग पडल्यासारखा दिसायचा. मग आम्ही रिटचिंग करायचो. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं, मुरमाच्या जागी फिकट ठिपका दिसतो. तो भिंगाखाली, सुईसारख्या टोकदार पेन्सिलीनं भरून टाकायचा. छापला की गाल साफ.

वामन मास्तरांच्या तोंडावर मी दोन दिवस बसलो होतो. इतके मुरूम एका माणसाला कसे परवडतात, असं वाटलं होतं. काम मात्र असं झालं, की मीच चार लोकांना बोलावून दाखवलं. तीच हुशारी आता अंगाशी आली.

“फसवलं तुमी मले,” किसनराव म्हणाले. “सोयरीक मोडली समजा. अन् सगळ्या सोयऱ्याधायऱ्यायले सांगतो, युसूफभाईचा फोटो पाहून पोरगी देऊ नका.”

लग्नसराई तोंडावर होती. माझी पाचावर धारण बसली.

“थोडे दिवस द्या,” मी म्हणालो. “या फोटोसारखा मास्तर तुम्हाला दाखवतो.” बोलून गेलो आणि मग कळलं काय बोललो ते.

“रंग लावता काय त्याले?”

“पावडरसुद्धा नाही.”

त्यांनी मला खालून वर पाहिलं. “कापूस येचून झाला का येतो,” म्हणाले आणि गेले.

दुपारी मास्तर आले. बावीस वर्षांचं पोरगं, डोळे भरलेले. “युसूफभाई, मले ते पोरगी लय पसंत होती हो.”

मला दया यायला हवी होती. राग आला. “मग तोंड धुवाले काय झालतं?”

“धुतो नं. दिवसातून आठ खेपा. कपड्याच्या साबणानं.”

मी कपाळावर हात मारून घेतला आणि त्यांना सरकारी दवाखान्यात नेलं. तिथले डॉक्टर माझ्या ओळखीचे. त्यांनी सांगितलं ते साधंच होतं. तोंड दोनदाच धुवायचं, अंगाच्या साबणानं. मुरूम नखानं फोडायचा नाही. टॉवेल स्वतःचा वेगळा. डोक्याला तेल बंद. भजी, शेव, गोड चहा कमी. भाकरी, पालेभाजी, ताक आणि पाणी जास्त. “आणि आठ दिवसांत चमत्कार मागायला येऊ नका,” असं त्यांनी माझ्याकडे पाहून म्हटलं.

तेल बंद म्हटल्यावर मास्तरांनी मान डोलावली. भजी म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला. शाळा सुटली की हॉटेलात एक प्लेट भजी, हा त्यांचा रोजचा नेम होता.

मला डॉक्टरकी येत नाही. मला निगेटिव्ह वाचता येते. म्हणून दर बाजाराच्या दिवशी मी मास्तरांना त्याच खुर्चीवर, त्याच उजेडात बसवून फोटो काढायला लागलो. पेन्सिल लावायची नाही, नुसतं पाहायचं. आधी मी मुरूम फक्त भरत होतो. आता ते येतात कुठं, ते दिसलं. उजवा गाल भरलेला, डावा जवळजवळ साफ. आणि कपाळावर एक सरळ ओळ, पट्टीनं आखावी तशी.

“मास्तर, वर्गात बसता कसे?”

ते बसले. उजव्या हाताच्या तळव्यावर गाल टेकवला. “पोट्टे पाढे म्हनतात तवा असाच बसतो.”

तळव्याला खडूची भुकटी होती. मी म्हटलं, हात मांडीवर ठेवा, गाल आपोआप वर राहतो.

महिनाभरात गाल निवळला. भज्यांच्या वासानं रडू येतं, असं मास्तर दर आठवड्याला सांगत, पण हॉटेलचा रस्ता त्यांनी सोडला होता. कपाळ मात्र हटेना. एका आठवड्यात तर ओळ आणखी दाट झाली.

“तेल लावलं तुम्ही.”

“मायची आन, नाही.”

मी त्यांची टोपी काढून उलटी केली. आतून तेलानं चिंब.

पुढच्या बाजाराला मास्तरांची आई, अनसूयाबाई, आली. मी टोपी समोर धरली. “मावशी, हे काय?”

“डाक्टरनं डोस्क्याले तेल नको म्हनलं,” ती शांतपणे म्हणाली. “मी डोस्क्याले कुठं लावलं? टोपीले लावलं. पोराचं डोस्कं तापलं, त पाढे उलटे शिकवन न तो.”

मी टोपी ठेवून घेतली. मास्तर दोन महिने उघड्या डोक्यानं शाळेत गेले आणि हेडमास्तरांच्या शिव्या खाल्ल्या.

कापूस घरात आला तसे किसनराव आले. मी मास्तरांना काचेजवळ उजेडात बसवलं. किसनरावांनी त्यांच्या गालावरून अंगठा फिरवला आणि पावडर लागली का ते पाहिलं. नव्हती. हनुवटीवर दोन मुरूम होते.

“हे दोन राह्यले.”

“राहिले,” मी म्हणालो आणि सगळ्या आठवड्यांचे फोटो ओळीनं मांडले, एकालाही पेन्सिल न लावता.

त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत सावकाश पाहिले. “भजे खरंच सोडले?”

“सोडले,” मास्तर म्हणाले.

“अन् मायनं टोपीले तेल लावलं, असं लोकं म्हनतात बाजारात. तिले काय बोलला?”

“तिले काय बोलाव. तिनं भल्यासाठीच केलं.”

किसनरावांनी ओळीतला पहिला फोटो उचलला. सगळ्यात खराब, तोंड ठिपक्यांनी भरलेलं. “हा मले द्या.”

“किसनराव, चांगला शेवटचा आहे.”

“चांगला पोट्टा मले दिसला. पोरीले हा दाखवतो. हा पाहून हो म्हनली त पुढं कायचं भेव नाही.”

ती हो म्हणाली. लग्नाचे फोटो मीच काढले.

दोन दिवस खपून मी जो चेहरा केला, त्यानं सोयरीक मोडत होती, आणि ज्या फोटोला मी हात लावला नाही त्यानं ती जमली. ही गोष्ट मी तेव्हा बाजारात कोणाला सांगितली नाही. माझं घर पेन्सिलीवरच चालत होतं.