मोटारीला मोटेचं चामडं

त्या दिवशी मी दत्ताशी चक्क भांडले. आमच्या घरी गुरुवारचा उपास आणि औदुंबरचं दर्शन पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. पण मांडीवर माझी चार वर्षांची शालू घटसर्पानं घुसमटत होती, आणि आमची मोटार कुंडलच्या अलीकडे भर उन्हात रस्त्यात उभी होती. "एवढं सगळं तुझं केलं, ते हा दिवस बघायला का रे?" असं मी मोठ्यानं विचारलं. कराडच्या डॉक्टरांनी सकाळीच बजावलं होतं, टोचायचं औषध मिरजेलाच मिळेल, दिवस मावळायच्या आत पोचा. आगगाडी रात्रीशिवाय नव्हती, म्हणून तर मोटार काढली होती.

मोटार कसली, माझी सवतच ती! आमच्या ह्यांनी एका वकिलांकडून ती जुनीपुराणी घेतली होती आणि ह्यांचा सगळा रविवार तिच्या पोटाखाली जायचा. तिच्या क्लचवर चामड्याचा पट्टा होता. तो इंजिनाला घट्ट धरी, तेव्हा कुठे चाकं फिरत. लढाईमुळे सुटे भाग मिळत नव्हते, म्हणून झिजलेल्या पट्ट्यावर चिमूटभर माती टाकून हे दिवस ढकलत होते. त्या दिवशी पट्टा करपून फाटलाच. इंजिन नुसतं घुरघुरत होतं, गाडी जागची हलेना. ह्यांनी पायाखालच्या फळ्या उचकटल्या, खाली आडवं पडून क्लच बाहेर काढला, आणि ती काळी चिंधी हातात घेऊन रस्त्यातच बसकण मारली. "जाड चामडं असतं तर बसवलं असतं गं," म्हणाले, "पण इथं कुठून आणू?" ह्यांच्या डोळ्यांत पाणी मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

कडब्याची एक बैलगाडी कराडकडे चालली होती. बैल मोटारीला बुजले, त्यामुळे गाडीवानाला थांबता येईना. मी मागून जीव तोडून ओरडले, "अहो दादा, मोटरचं चामडं फाटलंय! कुणाला तरी पाठवा हो!" त्यानं पुढे जाऊन लांबच्या वस्तीकडे तोंड करून हाळी दिली, तेवढी ऐकू आली. मग माझ्यात भांडायचंही त्राण उरलं नाही. "दत्ता, मोटार चालू कर. नाहीतर हिला तूच सांभाळ," एवढं म्हणून मी शालूच्या कपाळावर ओला पदर ठेवून बसून राहिले. आजवर इतकी पारायणं केली, पण इतकं रिकामं होऊन मी त्याला कधी हाक मारली नव्हती.

थोड्या वेळानं उसातून एक म्हातारबाबा आले. खांद्यावर चामड्याची गुंडाळी, हातात कातडं कापायची रापी. इकडेतिकडे बघत म्हणाले, "कुठं हाय मोट? हितं तर हीर बी दिसंना!"

"मोट नाही हो बाबा, मोटर!" मी म्हटलं, तशी ते दोन पावलं मागे सरले.

"मोटर? आवं, मला तर मोटंचं चामडं फाटलंय आसं ऐकू आलं. मोटर म्हनला आसता तर कुनी बी आलं नसतं. मोटर म्हंजी पोलीस! समदी उसात दडून बसल्यात."

खरंच होतं ते. चळवळीचे दिवस, त्या मुलखात मोटारीतून धरपकड करणाऱ्यांशिवाय दुसरं कोण येणार? बाबा आल्या वाटेनं परत गेले असते तर त्यांना बोल लावायला जागा नव्हती. पण त्यांनी माझ्या मांडीकडे पाहिलं, शालूचा घरघरणारा श्वास ऐकला, आणि गुंडाळी खाली टाकली. "इहिरीचं पानी उपसायच्या मोटंला आनलंय. बगा, चालतंय का."

ह्यांनी जुना पट्टा मातीत पसरला, बाबांनी त्या मापानं नवा कापला. "त्याल हाय का? कोरडं चामडं तडकतंय." माझ्या पिशवीत शालूच्या एरंडेलाची बाटली होती. जे बघून पोरगी घर डोक्यावर घ्यायची, ते त्या दिवशी मोटार मुकाट्यानं प्यायली. जुनेच तांब्याचे खिळे ठोकून पट्टा बसला, फळ्या लागल्या, आणि एक हिसका देऊन गाडी पुढे सरली. मी हमसून हमसून रडले. बाबा बाजूनं चालत म्हणाले, "परतताना हितं भोंगा वाजवा बाई. म्हंजी कळंल, लेकरू बरं हाय."

दिवस मावळायच्या आत शालूला टोचलं. पुढचे काही दिवस कसे काढले ते माझं मला ठाऊक. पण एका सकाळी ती घोगऱ्या आवाजात "आई, भूक" म्हणाली.

परतताना त्याच जागी ह्यांनी भोंगा वाजवला. आवाजासरशी शेतातली माणसं बघता बघता उसात दिसेनाशी झाली. एकटे बाबा तेवढे धोतर सावरत मोटारीच्या दिशेनं पळत आले. शालूनं खिडकीतून दोन्ही हात बाहेर काढले, आणि ते तिच्या हातांवरून हात फिरवत राहिले.

पुष्कळ लोक म्हणतात, तो योगायोग. असेल बापडा, मी वाद घालत नाही. पण तेव्हापासून मागणं कसं मागावं याचा घोळ मी घालत नाही. मी मोटार म्हटलं, ऐकणाऱ्यानं मोट ऐकलं, आणि माझी लेक जगली. आता मी नुसती हाक मारते. काय ऐकायचं ते त्याचं तो बघतो.