मेश्रामबाईंचा अंगठा

मेश्रामबाई कुणाला "कसे आहात?" असं कधी विचारत नसत. त्या खाली वाकत, तुमच्या घोट्याच्या वर नडगीवर अंगठा रोवत आणि पाचपर्यंत मोजत. अंगठा उचलला की खळगा भरतो का राहतो, ते पाहत. भरला तर "जा, जेव" म्हणत. राहिला तर चष्मा कपाळावर चढे, आणि पुढचं बोलणं ऐकायला कुणालाच आवडत नसे.

आमची पहिली भेट एका लग्नाच्या पंगतीत झाली. मी वरणाची बादली घेऊन वाढत होतो. एक वयस्क बाई ताटावरून उठल्या आणि थेट माझ्या पायाशी वाकल्या. एवढी मोठी बाई आपल्या पाया पडते म्हणून मी टुणकन मागे उडालो आणि अर्धी बादली नवऱ्या मुलाच्या मामांवर गेली.

"घाबरतो कायले गा?" बाई म्हणाल्या. "पाया नाही पडून राहिली. तुह्या पायावर सूज दिसली म्हणून पाह्यलं. मीठ कमी खात जाय."

मी मीठ कमी केलं नाही. तर्रीपोह्यांवर वरून शेव घालणारा माणूस मी!

बाई नर्स म्हणून निवृत्त झाल्या होत्या आणि कोराडीत आमच्या कॉलनीच्या फाटकासमोर घर बांधून राहत होत्या. मी वीजकेंद्रात गेज वाचतो. वाफेचा दाब, तेलाचा दाब. दर तासाला आकडे वहीत भरायचे. दाब हा माझा पोटापाण्याचा विषय. त्यामुळे रेखाला, म्हणजे माझ्या बायकोला, आठवा महिना लागला आणि बाई काळजीने म्हणाल्या, "इचं बीपी चढून राहिलं, एकशे चाळीस आहे," तेव्हा मी हसलो.

"बस? आमच्या बॉयलरला त्याहून जास्त चालतो."

"बॉयलरले लेकरू होत नाही गा," बाई म्हणाल्या.

नागपूरच्या डॉक्टरांनी थोडं आधीच कळा आणवून रेखाची सुटका केली. मुलगी झाली. पाचव्या दिवशी गोळ्या देऊन घरी पाठवलं. बीपी सकाळ-संध्याकाळ मोजायला सांगितलं. मला वाटलं, आता कसलं मोजायचं? संपलं की! बाईंनी मला अंगणातच अडवलं.

"लेकरू बाहेर आलं म्हणजे बीपी बाहेर आलं, असं नसते. बाळंतिणीलेही झटके येतात. ध्यानात ठेव."

नेमकं त्यांना चार दिवसांसाठी चंद्रपूरला बहिणीकडे जायचं होतं. जाताना त्यांनी आपलं नवंकोरं बीपीचं मशीन मला दिलं. मुलाने पाठवलेलं, पडद्यावरचं प्लास्टिकही बाईंनी अजून काढलं नव्हतं. "दीडशेच्या वर गेलं तं मले फोन करजो. एकशे साठ झालं तं फोनही नाही, सरळ गाडी काढजो. अन् कॅलेंडरवर लिहीत जाय."

पहिल्याच संध्याकाळी रेखाचा आकडा आला एकशे चौसष्ट.

आमच्या कामात एक नियम आहे. गेजचा संशय आला, तर ते ठणठणीत ठिकाणी लावून पाहायचं. घरात ठणठणीत ठिकाण एकच, मी. बत्तीस वर्षांचा, दोन जिने धावत चढणारा. पट्टा माझ्या दंडाला बांधला. आकडा आला एकशे अडुसष्ट!

झालं निदान. गेज बिघडलंय.

"किती आलं?" रेखाने विचारलं.

"नॉर्मल," मी म्हणालो.

तेवढ्यात बाईंचा फोन आला. मुलाने एवढ्या हौसेनं पाठवलेलं मशीन भंगार आहे, हे म्हातारीला कोणत्या तोंडाने सांगायचं? मी म्हणालो, "एकशे वीस, ऐंशी." कॅलेंडरवरही तेच लिहिलं. दुसऱ्या दिवशी तर मशीन लावलंच नाही. आकडे मात्र वेळच्या वेळी भरले, वळणदार अक्षरात.

तिसऱ्या दिवशी रेखाचं डोकं दुखायला लागलं. भिवापूरहून आलेल्या माझ्या सासूबाई म्हणाल्या, "वारा लागला असंन. कान बांध वं." त्यांनी रेखाच्या डोक्याला शाल गुंडाळली आणि ओव्याची धुरी दिली. चौथ्या दिवशी दुपारी रेखा म्हणाली, "डोळ्यापुढं काहीतरी चमकून राहिलं."

"वीजकेंद्रवाल्याची बायको तू," मी म्हणालो. "चमकणारच."

ती हसली. हा विनोद मी त्यानंतर कुणालाही सांगितलेला नाही.

तासाभरात मेश्रामबाई बसमधून उतरून, पिशवी खांद्यावर तशीच ठेवून, आमच्याकडे आल्या. खाटेशी वाकल्या, अंगठा रोवला. मीही मनात मोजलं. अंगठा उचलला. खळगा तसाच राहिला.

बाईंनी कॅलेंडरकडे पाहिलं. एकशे वीस, ऐंशी. एकशे वीस, ऐंशी. एकशे वीस, ऐंशी.

त्यांनी मला बाहेर ओढलं. "हे कोणाचं बीपी आहे बे?"

मी मशीनची हकिकत सांगितली. आत जाऊन पिशवीतलं जुनं, काट्याचं यंत्र काढून बाईंनी रेखाच्या दंडाला बांधलं. काटा एकशे ऐंशीवर थरथरला.

"गाडी काढ."

शेजाऱ्याची गाडी घेतली. लेकरू सासूबाईंपाशी ठेवलं. मागच्या सीटवर रेखा, तिचं डोकं बाईंच्या मांडीवर. नागपूरच्या रस्त्यावर कोळशाच्या ट्रकांची रांग लागली होती. मी हॉर्नवरचा हात काढत नव्हतो आणि ट्रक जागचे हलत नव्हते. तिथेच रेखाला झटका आला. आरशात मला फक्त तिचा हात दिसला, सीटच्या पाठीवर आपटत असलेला.

"बाई, काहीतरी करा!"

"काही नाही करता येत गा मले इथं," बाई म्हणाल्या. एवढ्या हळू आवाजात बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "डाव्या कुशीवर धरून ठेवली आहे. तू समोर पाह्य."

समोर एका ट्रकची काळी पाठ होती. मी तिच्याकडे पाहत राहिलो.

पुढचे दोन दिवस आम्ही दवाखान्यात एका बंद काचेच्या दारासमोर बसलो. झटक्याचं इंजेक्शन चालू आहे, एवढंच कळायचं. दुसऱ्या दिवशी बाईंनी न विचारता माझ्या दंडाला काट्याचं यंत्र बांधलं. काटा एकशे सहासष्टवर थांबला.

"मशीन चांगलंच होतं," त्या म्हणाल्या. "तूच बिघडला आहे."

मला रडू फुटलं. "रडू नको. रडल्यानं अजून चढते."

रेखा वाचली. महिनाभर तिला नीट दिसत नव्हतं. पोरीला खिडकीशी धरून ती विचारायची, "कोणासारखी आहे हो?" आलेल्या-गेलेल्याला रेखा सांगे, "बीपी रोज नॉर्मल होतं, अचानक झालं बघा." बाई तिथे बसलेल्या असत. माझ्याकडे पाहत, आणि चहा पीत.

पाच वर्षांनी बाई कायमच्या मुलाकडे पुण्याला निघाल्या. टॅक्सीपाशी मी वाकून नमस्कार केला. कसं कोण जाणे, माझा अंगठा त्यांच्या नडगीवर टेकला आणि मी मोजून गेलो. उचलला, तर खळगा तसाच होता.

"बाई, हे काय?"

"माहीत आहे मले. हृदयाचं आहे. गोळ्या चालू आहेत." त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "रेखाले सांगितलं का गा?"

मी मान हलवली. नाही.

"मी पाच वर्षं वाट पाह्यली. आता खरे आकडे लिहिजो."

त्यांच्या मुलाचा फोन मागच्या आठवड्यात आला. बाई गेल्या.

रेखा आत पोरीची वेणी घालते आहे. खरे आकडे लिहिलेले हे कागद घेऊन मी दारात उभा आहे.