लॅपटॉप आत, मी बाहेर

नवा लॅपटॉप मी बॅगेतून काढला आणि चालू केला. कीबोर्डखालून लाल लाईट लागली. कंपनीचे मालक, म्हणजे आमचे सर, मागेच उभे होते.

"अहो, आपण इथे कामाला येता की खेळायला?"

ऑफिस हसलं. सर हसले नाहीत. अपमान करताना ते कधीच हसत नसत. चहाचा घोट घेऊन म्हणाले, "बरोबर आहे. स्कॉलरशिपवर फुकटात शिकलं, की खेळायला वेळ उरतोच."

स्कॉलरशिपचं मी कुणालाच सांगितलं नव्हतं. आडनावावरून त्यांनी ओळखलं. मी मान खाली घालून फाईल उघडली.

आमची कंपनी बिल्डरांची कामं करायची. अजून न बांधलेल्या इमारतीतून गिऱ्हाईकाला पडद्यावर फिरवून आणायचं, ते थ्रीडीचं काम माझं एकटीचं. लॅपटॉप ज्याचा त्याने आणायचा, असा नियम. बाकीच्यांनी बिझनेस लॅपटॉप घेतले होते. राखाडी, चपटे, सभ्य. कोटेशन आणि ईमेलला ते छान. माझी फाईल त्यांच्यावर उघडतानाच मान टाकायची. तिला दणकट ग्राफिक्स कार्ड लागतं आणि ते गेमिंगच्या लॅपटॉपमध्ये असतं. एवढी साधी गोष्ट.

लॅपटॉप घ्यायला दुकानात गेले, तेव्हा पप्पा सोबत होते. ते खडकीच्या दारूगोळा कारखान्यात कामाला, तिथल्याच क्वार्टरमध्ये आम्ही वाढलो. त्यांनी राखाडी लॅपटॉपवर हात ठेवला. "हा घे. चारचौघांत शोभतो. आपल्याला नावं ठेवायला कुणाला जागा नको."

शर्टाला कडक इस्त्री असल्याशिवाय पप्पा दुधाची पिशवी आणायलाही बाहेर पडत नाहीत. का, ते आमच्या घरात कुणी विचारत नाही. आमच्यासारख्या बौद्ध घरातल्या पोरांना ते न सांगता कळतं.

"पप्पा, माझं काम या गेमिंगवाल्यावरच होतं. मी हाच घेणार."

त्यांनी राखाडी लॅपटॉपवरचा हात काढून घेतला. त्यांचं चुकलं नव्हतं, ते घाबरले होते.

सरांनी मग एक पद्धत पाडली. क्लायंट यायचा असला, की झाकणावरच्या भडक चित्रावर मी कंपनीचं स्टिकर लावायचं. लाल लाईट बंद करायची. मीटिंगरूममध्ये लॅपटॉप केबलने टीव्हीला जोडायचा, फाईल उघडून द्यायची. मग सर म्हणायचे, "आपण आता बाहेर थांबा."

लॅपटॉप आत. मी बाहेर, पाण्याच्या मशीनशेजारी. काचेपलीकडून सरांचा आवाज यायचा, "मी स्वतः बसून केलंय हे." माझ्या हातचं सगळं चालायचं, फक्त मी नको असायचे. माझ्या आजीला हे सांगितलं असतं, तर तिला काही नवीन वाटलं नसतं.

वारज्याच्या एका स्कीमची मीटिंग होती. मी केबल जोडत होते, तेवढ्यात स्टिकर निघून टेबलावर पडलं. बिल्डर वाकून बघत म्हणाला, "हा गेमिंगचा ना? माझ्या मुलाकडे आहे."

सर माझ्याकडे न बघता म्हणाले, "आमच्या ऑपरेटरचा आहे. या लोकांना असल्याच गोष्टींची हौस."

या लोकांना.

मी केबल उपटली. टीव्हीवरची इमारत गेली, काळा पडदा राहिला.

"अहो, काय करताय?"

"लॅपटॉप माझा आहे, सर. काम मी केलंय. मी इथे बसून दाखवते. नाहीतर आम्ही दोघंही बाहेर जातो."

"नीट बोला. क्लायंट बसलेत."

"नीटच बोलतेय."

बिल्डरने घड्याळ बघितलं. "बसू द्या हो त्यांना. मला पुढे जायचंय."

माझी बाजू त्याने घेतली नाही, त्याला फक्त घाई होती. तरी मी खुर्ची ओढली. लाल लाईट लावली. दारातून हॉल, हॉलमधून बाल्कनी, सगळं मी दाखवलं. आवाज थरथरत होता. थरथरू दे म्हटलं.

संध्याकाळी सरांनी केबिनमध्ये बोलावलं. "लेखी माफी द्या, नाहीतर दुसरीकडे बघा."

मी माफी दिली नाही. दुसरी नोकरी लगेच मिळाली नाही आणि पप्पा माझ्याशी बरेच दिवस धड बोलले नाहीत. त्याचं दुःख झालं. पश्चात्ताप झाला नाही.

आता कुठल्याही मीटिंगला गेले, की बॅग उघडण्याआधी विचारते, "मी कुठे बसायचं?" लोकांना ते उद्धट वाटतं. वाटू दे. ज्या खोलीत मला खुर्ची नाही, त्या खोलीत माझं काम जाणार नाही.