पाच पाटे की सात

आमचे हे सव्वीस वर्षं स्वतःच्या पिकअपमधून टाइल्स पोचवतात आणि सव्वीस वर्षांत त्यांनी एकदाही कुणाला पत्ता विचारलेला नाही. विचारलं तर जणू नाक कापलं जाणार! पत्ता विचारायचा, बॉक्स मोजायचे, गिऱ्हाइकाशी गोड बोलायचं, ही सगळी कामं माझी. माझी जागा त्यांच्या शेजारी, मांडीवर वही घेऊन.

तीन महिन्यांपूर्वी माझी पाठ धरली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गाडीचे धक्के बंद. झालं! मी घरी, हे एकटे. पहिल्याच आठवड्यात कुणाच्या तरी न्हाणीघराच्या निळ्या टाइल्स दातांच्या दवाखान्यात उतरवून आले. वर मलाच सांगतात, "अगं, त्यांना रंग आवडला होता."

धक्क्यांचं मूळ गाडीत होतं. मागचे पाटे, म्हणजे चाकांच्या वर एकावर एक रचलेल्या त्या वाकड्या लोखंडी पट्ट्या, पार बसले होते. गाडी मागून टेकलेली, पुढून नाक वर. खड्डा आला की दणका थेट माझ्या मणक्यात. पाटे बदलले तर मला पुन्हा शेजारी बसता येईल, एवढीच आशा होती. घरात बसून बसून मी भिंतींशी बोलायला लागले होते हो!

आम्ही दोघं गाडी घेऊन गेलो तेव्हा पाटेवाला दुकानाबाहेर घण घेऊन बसला होता. उठला, गाडीखाली वाकला, वितीनं मोजलं आणि विचारलं, "माल किती भरता?"

"साठ बॉक्स. एका फेरीत!" हे छाती काढून म्हणाले. एका फेरीत काम उरकणारा म्हणून सगळा बाजार यांना ओळखतो, आणि ओळखलं नाही तर हे स्वतःच सांगतात.

"साठ न्यायचे तर सात पाट्यांचा जोड घाला. पण गाडी कडक होणार. वहिनींना बसायचं असेल तर पाचाचा. मग चाळीसच्या वर एक बॉक्स भरायचा नाही. दोन्ही हवं असेल तर दुसरं दुकान बघा."

"सातच घाला," हे म्हणाले. "हिच्यासाठी मी उशी आणतो."

उशी! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण चारचौघांत नवऱ्याला काय बोलायचं? आणि खरं सांगते, त्या साठ बॉक्सचा तोरा थोडा मलाही होता. मी गप्प बसले. तिथंच चुकलं.

उशी आली, चांगली वीतभर जाड. पाटे बसले आणि रिकामी गाडी घेऊन आम्ही जरा फिरून यायला निघालो. पहिल्या गतिरोधकावर माझं डोकं टपाला लागलं. दुसऱ्यावर पाठीतून अशी कळ गेली की मी किंचाळलेच, "थांबवा आधी!"

खाली उतरले. "तुमच्या गाडीला कोपरापासून नमस्कार. मी चालत जाते." आणि निघालेसुद्धा, उशी काखोटीला मारून. मागून हे गाडी हळूहळू चालवतायत, खिडकीतून डोकं काढून, "अगं, बस ना! अगं, ऐक तरी!" लोक बघत होते. बघू देत, म्हटलं.

पाटेवाल्याच्या दुकानाशी आलो तशी यांनी करकचून ब्रेक मारला आणि तरातरा आत गेले. मी बाहेरच उभी. आतलं सगळं ऐकू येत होतं.

"हा जोड काढा. पाचाचा घाला."

"आणि ते साठ बॉक्स?"

"दोन फेऱ्या मारीन."

"बाजार हसेल तुम्हाला."

"हसू दे की!" मग यांचा आवाज एकदम खाली आला. "तीन महिने एकटा चालवतोय. पत्ता चुकतो त्याचं काही नाही हो. पण एकट्याला भांडता येत नाही."

पाटेवाला खदखदून हसला. मला मात्र भर रस्त्यात रडू फुटलं. सव्वीस वर्षांत हा माणूस माझ्यासमोर असं कधी बोलला नव्हता, आणि आताही समोर बोलला नाहीच.

मी डोळे पुसले, पदर खोचला आणि आत जाऊन पाटेवाल्याला बजावलं, "नीट घट्ट बसवा. दुसऱ्या फेरीलाही मी असणार आहे."